नाबाद आणि खारीज

वर्तमानपत्रात क्रिकेटचा धावफलक छापून येतो. त्यात काही फलंदाजांच्या धावांपुढे एक लहानशी चांदणी असते. तिचा अर्थ आजच्या पोरांना सांगावा लागत नाही. चांदणी म्हणजे नाबाद. डाव संपला, पण हा गडी बाद झालेला नाही. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले, आणि तरीही सांगतो, भाषेतल्या कितीतरी सुंदर शब्दांपेक्षा मला ही चांदणी जास्त आवडते. का, ते जरा सविस्तर सांगावे लागेल.

आकड्यांचा नाद मला फार जुना. 1971 साली वाडेकरांचा संघ वेस्ट इंडिजमध्ये जिंकला, तेव्हा मी नांदेडच्या पीपल्स कॉलेजात बी.ए. करत होतो. सुनील गावसकर नावाच्या नव्या पोराने चार कसोटींत 774 धावा काढल्या. खोलीवर रेडिओ नव्हता, म्हणून आम्ही चार-पाच जण वजिराबादच्या एका चहाच्या टपरीवर उभे राहून बातम्या ऐकत असू. पुढे बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन कानावर पडले की मी हातातले काम टाकून ऐके. त्रिफळा, पायचीत, धावचीत, यष्टिचीत... किती नेमके शब्द! तेव्हापासून एका वहीत मी विक्रम लिहून ठेवू लागलो. मैदानावर मात्र मी कधी दहा धावाही केल्या नसतील. असो.

त्या वहीच्या पहिल्याच पानावर एक नाव आहे, ते तुमच्यापैकी काहींनी ऐकलेही नसेल. भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर. कोल्हापूरचे. 16 ते 18 डिसेंबर 1948 या दिवसांत पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड असा रणजी सामना झाला. काठियावाडचा डाव 238 धावांत आटोपला. मग महाराष्ट्र खेळायला आला आणि 4 बाद 826 पर्यंत जाऊन पोचला. त्यात एकट्या निंबाळकरांच्या 443. के. व्ही. भांडारकर यांच्याबरोबर दुसऱ्या गड्यासाठी 455 धावांची भागी. खेळपट्टीवर 494 मिनिटे, म्हणजे आठ तासांहून जास्त. 49 चौकार, एक षटकार. मी वर्गात पोरांना हिशेब घालत असे, चौकार-षटकारांच्या किती झाल्या? 202. मग पळून किती काढल्या? 241. "सर, आठ तास उन्हात दोनशे एकेचाळीस धावा पळायच्या?" एखादे पोरगे डोळे मोठे करून विचारी. डिसेंबरचे ऊन होते, असे म्हणून मी त्याची समजूत घालीत असे.

तेव्हा प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधली सर्वांत मोठी खेळी होती डॉन ब्रॅडमन यांची. 1930 साली न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलँडविरुद्ध नाबाद 452. निंबाळकरांना बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या, पुढे जायला दहा. आणि तिसऱ्या दिवशी मध्यंतराला काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. आपल्या संघाचे नाव असल्या विक्रमाच्या पानावर कायमचे छापले जावे, हे त्यांना रुचले नाही. दोनच षटके खेळू द्या, मग आम्ही डाव सोडतो, अशी विनंती महाराष्ट्राने केली होती असे सांगतात. तिचा उपयोग झाला नाही. पाहुणा संघ सामान बांधून निघून गेला. धावफलकात कायमचे उरले 443, आणि पुढे चांदणी.

हा प्रसंग मी वर्गात सांगितला की पोरे चिडत. एकदा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, त्याला हरायची लाज नव्हती, नाव छापायची लाज होती." मला तरी याहून चांगले भाष्य अजून सापडलेले नाही.

आपल्या भागाच्या दृष्टीने त्या तारखेत आणखी एक गंमत आहे. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. निंबाळकरांची खेळी त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी. म्हणजे पुण्यात 'महाराष्ट्र' नावाचा संघ धावांचा डोंगर रचत होता, तेव्हा आमचे नांदेड नुकते मोकळा श्वास घेत होते. लातूर जिल्हा तर नव्हताच. तो 1982 साली झाला, तोवर आम्ही लातूरकर उस्मानाबादेत. महाराष्ट्र राज्यही नव्हते. ते 1960 चे. संघाचे नाव आधी आणि राज्य बारा वर्षांनी! शिवाय आमच्याकडे रेकॉर्ड म्हणजे महसुली दप्तर. सातबारा, पाहणीपत्रक, कूळ, खारीज. हैदराबाद संस्थानाच्या कारभाराने आम्हाला फारसीतले पुष्कळ शब्द दिले आणि ते अजून आमच्या तोंडात आहेत. त्यातल्या एका शब्दाकडे मी नंतर येतो.

निंबाळकरांचे पुढे काय झाले? त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ भारतात आलेला होता. पण त्या मालिकेत नाही आणि नंतरही कधी नाही, निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना मिळालाच नाही. कसोटी न खेळलेल्या माणसाची जगातली सर्वांत मोठी खेळी आजही त्यांचीच आहे. भारतात प्रथम श्रेणीत चारशेच्या पुढे गेलेला दुसरा फलंदाज अजून झालेला नाही. 2002 साली क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायडू पुरस्कार दिला. 11 डिसेंबर 2012 रोजी ते कोल्हापुरात गेले. 12 डिसेंबर हा त्यांचा वाढदिवस. त्र्याण्णव पुरे व्हायला एक दिवस कमी पडला. इथेही आकडा पुरा झाला नाही, असे मी वहीत लिहून ठेवले आहे.

आता जरा चांदणीच्या हिशेबाकडे वळू या. माझा विषय मराठी. पण खेड्यातल्या शाळेत शिक्षक कमी असले की मराठीवालाही सहावीला सरासरी शिकवतो. बेरीज भागिले संख्या, एवढेच पोरांना पाठ असते. मी ब्रॅडमनचे उदाहरण घेई. कसोटीत 80 डाव, 6996 धावा. करा भागाकार. पोरे पाटीवर करत आणि उत्तर येई 87.45. पण जगभर तर 99.94 छापलेले असते! मग मी सांगे की 80 पैकी 10 डावांत ब्रॅडमन नाबाद राहिला, म्हणून भागायचे 70 ने. नाबाद डावातल्या धावा बेरजेत धरायच्या, पण तो डाव भाजकात धरायचा नाही. का? कारण तो गडी संपलेला नाही, त्याचा खेळ दुसऱ्या कशानेतरी थांबला आहे. जे त्याच्या हातात नव्हते त्याचा दंड त्याच्या सरासरीला बसू नये.

सहावीच्या पोरांना हे चटकन पटे. मला मात्र दर वेळी नव्याने नवल वाटे. कोण्या जुन्या हिशेबनिसाने किती न्यायाने हा नियम घालून ठेवला आहे! हरला आणि थांबवला गेला, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या वहीला कळते.

आणि गंमत बघा, मोठ्या आकड्यांपैकी कितीतरी आकड्यांना ही चांदणी आहे. ब्रायन लाराचे 1994 चे 501 नाबाद. ब्रॅडमनचे 452 नाबाद. 2011 साली एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार स्पर्धेत आसामविरुद्ध महाराष्ट्राच्या एका पोराने 451 केल्या, त्याही नाबाद. तो पोरगा आमच्या मराठवाड्यातला, जालन्याचा विजय झोल! त्या दिवशी मी घरात पेढे वाटले होते. सूनबाई म्हणाली, "बाबा, आपला कोण लागतो तो?" मी म्हटले, "मराठवाड्याचा लागतो." 2016 च्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात 1009 केल्या, नाबाद. त्याने मोडला तो कॉलिन्सचा 1899 चा विक्रम, 628, तोही नाबादच. या पंगतीत चांदणी नसलेला मोठा माणूस म्हणजे हनीफ मोहम्मद. जानेवारी 1959, कराची, 499 वर धावचीत!

पण आकड्यांच्या वहीत सगळ्यात मोठा आकडा नेहमी सगळ्यात मोठी गोष्ट सांगतोच असे नाही. डिसेंबर 1943 मध्ये मुंबईच्या पंचरंगी सामन्यात 'इतर' संघ फॉलोऑननंतर हिंदू संघापुढे 387 धावांत बाद झाला. त्यात सांगलीच्या विजय हजारे यांच्या 309. शेकडा ऐंशी! सगळे तेवढेच लक्षात ठेवतात. मी पोरांना विचारी, दुसऱ्या टोकाला कोण होते? त्यांचा भाऊ विवेक हजारे. दोघांची भागी 300 धावांची, आणि त्यात विवेकचा वाटा 21. फक्त एकवीस! पण तो उभा राहिला नसता तर 309 झाल्या असत्या का? सामना त्यांचा संघ डावाने हरलाच. पण ते 21 मी वहीत लाल शाईने लिहिले आहेत.

मोठ्या मुलीचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याला आमच्या क्रिकेटचे फार काही नाही. तो बेसबॉलचा भक्त. व्हिडिओ कॉलवर आमची आकड्यांची देवाणघेवाण चालते. त्यानेच मला 2024 च्या मे महिन्यात सांगितले, "आजोबा, बेसबॉलचा शंभर वर्षांचा विक्रम एकही सामना न होता मोडला!" मला वाटले, पोरगे थट्टा करते आहे. पण खरेच होते. बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी हजारी काढतात, हजार संधींपैकी किती फटके यशस्वी, अशी. टाय कॉब या गोऱ्या खेळाडूची 367 होती आणि ती सर्वोच्च मानली जाई. त्या काळी काळ्या खेळाडूंना मुख्य लीगमध्ये प्रवेशच नव्हता. त्यांच्या लीग वेगळ्या, मैदाने वेगळी, आणि त्यांचे आकडे कोणी हिशेबात धरीत नसे. जॉश गिब्सन त्यांतला. 1947 च्या जानेवारीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मुख्य लीगमध्ये उतरला आणि तो बंद दरवाजा उघडला.

पुढे संशोधकांनी काळ्या समाजाच्या जुन्या वर्तमानपत्रांतून एकेक धावफलक शोधून काढला, जुळवला, तपासला. 2020 च्या डिसेंबरात मुख्य लीगने मान्य केले की 1920 ते 1948 मधल्या त्या लीगही मुख्यच होत्या. 2024 मध्ये दोन हजार तीनशेहून जास्त खेळाडूंचे आकडे अधिकृत पुस्तकात दाखल झाले. गिब्सनची सरासरी निघाली 372. कॉब दुसरा झाला. गिब्सनला जाऊन तेव्हा सत्त्याहत्तर वर्षे झाली होती.

नातू म्हणाला, "पण आजोबा, त्याचा आता काय उपयोग? तो तर नाही." मी त्याला म्हटले, "बाळा, कोणीतरी तेव्हा लिहून ठेवले होते, म्हणून एवढे तरी झाले." गावोगावच्या त्या छोट्या पत्रांतल्या बातमीदारांना कुठे ठाऊक होते की सत्तर-ऐंशी वर्षांनी कोणी आपले लिहिलेले उघडून बघणार आहे? ते आपले काम करत गेले.

आता तो शब्द. शाळेत हजेरीपट असतो आणि त्याहून मोठे, जाड बांधणीचे एक रजिस्टर असते. त्याला आमच्याकडे दाखल-खारीज म्हणतात. मूल शाळेत आले की दाखल, गेले की खारीज. खारीज म्हणजे बाहेर, बाद.

माझी बरीच नोकरी नांदेड जिल्ह्यात मुखेड-कंधारच्या डोंगराळ भागात झाली. जमीन हलकी, पाणी पावसाचे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली घरे ऊसतोडीला निघत. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. ट्रकवर भांडीकुंडी, कोंबड्या, सरपण आणि लेकरे. सहामाही परीक्षा झालेली असे. तिचे पेपर मी तपासून गठ्ठा बांधून ठेवी. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली की वर्गात आठ-दहा जागा रिकाम्या. महिना-दीड महिना हजेरीपटावर 'गै' मांडत जायचे, आणि मग नियमाप्रमाणे शेरा मारावा लागे, 'सतत गैरहजर, सबब खारीज'. उन्हाळ्यात ती घरे परत येत. काही मुले पुन्हा त्याच वर्गात बसत. मोठी झालेली, विशेषतः मुली, बसत नसत.

मी तो शेरा नियमाने मारी, कारण रजिस्टर सरकारचे होते. पण विक्रमांची वही माझी होती. तिच्या मागच्या पानांवर मी या मुलांची नावे लिहू लागलो. नाव, इयत्ता, सहामाहीचे गुण आणि पुढे चांदणी. मराठी 38*. गणित 44*. इतिहास 29*. वार्षिक परीक्षेचा रकाना कोराच. बाद नव्हे, नाबाद. कोणाला दाखवावे असा हेतू नव्हता. सरकारी रकान्यात जी गोष्ट बसत नव्हती ती कुठेतरी असावी, एवढेच.

2018 सालच्या पावसाळ्यात एक गृहस्थ माझ्या नांदेडच्या घरी आले. पन्नाशीला टेकलेले, कपाळाला टिळा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. मुलीने लातूरला राहून बारावी केली होती. ती चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि पुढच्या प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची होती. त्यात बापाच्या शाळेचा उतारा लागतो. तो काढायला ते जुन्या शाळेत गेले होते आणि येताना वाटेत माझे घर विचारत आले. उतारा मला दाखवला. माझ्याच अक्षरातला शेरा, त्याची नक्कल केलेली. 'सतत गैरहजर, सबब खारीज.'

"पोरीनं वाचलं सर," ते म्हणाले. "म्हणली, आप्पा, तुम्हाला शाळंतून काढलं हुतं का? म्या काय सांगू तिला? म्हनलं, काढलं नाही माय, आमीच गेलो. पर कागद तर तसं म्हनत नाही."

मी उठून कपाटातून वही काढली. तीसेक वर्षांपूर्वीची पाने. नाव सापडले. सहावी, गणित, 50 पैकी 44, आणि चांदणी. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "हे फूल कशाचं हो सर?"

"फूल नाही. नाबादची खूण आहे. ब्रॅडमनचा भागाकार आठवतो का?"

ते हसले. "भाजकात धरायचं नाही." बघा, तीस वर्षांनंतरही आठवत होते! मग थोडे थांबून त्यांनी मला विचारले, "पर सर, आमचा सामना सोडून कोन गेलतं?"

मला पटकन बोलता आले नाही. निंबाळकरांच्या गोष्टीत निदान एक राजेसाहेब सापडतात. इथे कोणाचे नाव घ्यावे? न पडलेल्या पावसाचे? उचल देणाऱ्याचे की ती घ्यावी लागणाऱ्याचे? पोरगे ट्रकवर चढताना बघणाऱ्या सगळ्या गावाचे? मी म्हटले, "ते मला नेमके सांगता यायचे नाही. पण तुम्ही बाद झालेला नव्हता, एवढे मी लिहून देतो." त्यांनी मोबाइल काढून त्या पानाचा फोटो घेतला. मुलीला दाखवायला. चहा घेतला आणि गेले. कागदोपत्री त्याचा काडीचाही उपयोग नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही.

लातूरकडे आता गुणांचा केवढा बोलबाला आहे, ते तुम्ही जाणताच. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांत पानभर फोटो असतात. 98 टक्के, 99 टक्के, क्वचित शंभर. ती पोरे रात्रीचा दिवस करून अभ्यास करतात, त्यांचे कौतुक झालेच पाहिजे. मीही करतो, वहीत लिहितोसुद्धा. फक्त तो फोटो बघताना मला विवेक हजारेंचे एकवीस आठवतात, आणि माझ्या वहीतली मागची पाने. त्या पानांवर एकूण 61 नावे आहेत. त्यांतली निम्म्याहून जास्त मुलींची.

आता काळ बदलला आहे. शिक्षण हक्काचा कायदा आला, हंगामी वसतिगृहे निघाली, आजी-आजोबांजवळ मुले ठेवून जाणारे आई-बापही वाढले. पण दिवाळीनंतर मुखेडच्या रस्त्यावर संध्याकाळी उभे राहिलात तर ट्रक आणि ट्रॅक्टर अजून दिसतील, आणि वर बसलेली लेकरेही. तुमच्या ओळखीत कोणी शिक्षक-शिक्षिका असतील तर त्यांना माझा एक निरोप द्या. सरकारी रजिस्टरात जे लिहायचे ते लिहाच. पण स्वतःची एक साधी दोनशे पानी वही ठेवा. मूल मध्येच गेले तर शेवटचे गुण त्यात लिहा आणि पुढे चांदणी काढा. कधीतरी कोणीतरी ते पान मागायला येतो.